गेमवर वाईट रिव्ह्यू आला: उत्तर द्यायचं का, आणि दिलं तर कसं?

एकट्यानं किंवा दोघा-तिघांनी मिळून गेम बनवणाऱ्यांना रिव्ह्यू फार लागतात. मोठ्या स्टुडिओत डेव्हलपर आणि खेळाडू यांच्या मध्ये कम्युनिटी मॅनेजर, सपोर्ट टीम अशी माणसं असतात. तुमच्या बाबतीत मध्ये कोणीच नसतं. कोड तुमचा, चित्रं तुमची, आणि "पैसे वाया गेले" हे वाचणारेही तुम्हीच. त्यामुळे उत्तरात काय लिहायचं हा प्रश्न नंतरचा. आधी उत्तर द्यायचंच का, हे ठरवायची सवय लावून घ्या.

त्यासाठी माझी कसोटी अशी: वाचणाऱ्याकडे नसलेली काही माहिती तुमच्याकडे असेल तर उत्तर द्या, नसेल तर गप्प बसा. बग दुरुस्त झालाय, अमुक पर्याय सेटिंगमध्ये आहे, गेलेली सेव्ह फाइल परत मिळवता येते, ही झाली माहिती. "आम्ही या गेमसाठी रात्रंदिवस राबलो" ही माहिती नव्हे. तुमचं राबणं खरं असेल, पण त्यानं समोरच्याचा क्रॅश होणारा गेम चालू होत नाही.

आधी आकडा कसा बनतो ते समजून घ्या

घाबरायचं कधी आणि किती, हे कळायला आकड्यामागचं गणित माहीत हवं. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, तारे नसतात. शिफारस आहे किंवा नाही, एवढंच. १० रिव्ह्यू जमले की गेमला एक लेबल मिळतं. ७० ते ७९ टक्के सकारात्मक असतील तर 'मोस्टली पॉझिटिव्ह', ४० ते ६९ टक्क्यांत 'मिक्स्ड'. ८० टक्के किंवा जास्त झाले आणि रिव्ह्यू किमान ५० असतील तर 'व्हेरी पॉझिटिव्ह'.

समजा तुमच्या १० रिव्ह्यूंपैकी ७ चांगले आहेत. अकरावा वाईट आला की टक्का साडेत्रेसष्टच्या आसपास येतो आणि लेबल बदलून 'मिक्स्ड' होतं. म्हणजे एका माणसानं तुमच्या पेजचा रंग बदलला. हेच २०० पैकी १५० चांगले असताना घडलं, तर टक्का ७५ वरून साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सुरुवातीच्या दिवसांतली धडधड समजण्यासारखी आहे ती यामुळेच. पण तिच्यावरचा इलाज म्हणजे आणखी रिव्ह्यू येणं. आलेल्या एका रिव्ह्यूशी हुज्जत घालून टक्का हलत नाही.

इथे एक मोह होतो: मित्रांना फुकट 'की' (गेम चालू करायचा कोड) वाटून चांगलं लिहायला सांगायचं. त्याचा उपयोग नाही. २०१६ पासून कीनं मिळालेल्या प्रतींवरचे रिव्ह्यू स्टीमच्या टक्क्यात धरलेच जात नाहीत, फक्त स्टीमवर विकत घेतलेल्या प्रतींचे धरले जातात. आणि धोका मात्र पुरेपूर आहे. २०१८ मध्ये इन्सेल गेम्स या कंपनीच्या प्रमुखानं कर्मचाऱ्यांना स्वतःच्याच गेमवर रिव्ह्यू लिहायला सांगितल्याचं बाहेर आलं, तेव्हा स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं त्या कंपनीशी व्यवहार बंद करून तिचे गेम स्टीमवरून काढून टाकले.

मजकुराआधी तास वाचा

नवखा डेव्हलपर थेट मजकुरावर जातो आणि पहिल्याच विशेषणाला अडखळतो. त्याऐवजी नजर आधी वरच्या ओळीवर न्या. रिव्ह्यू लिहिला तेव्हा या माणसानं किती तास खेळलं होतं आणि आजवर एकूण किती, हे दोन्ही आकडे स्टीमवर दिसतात. या दोन आकड्यांत अर्धी गोष्ट सांगून झालेली असते.

दहा-बारा मिनिटं खेळून लिहिलेला रिव्ह्यू बहुधा गेमबद्दल नसतो. तो गेम सुरू न होण्याबद्दल असतो, कंट्रोलर न चालण्याबद्दल असतो, नाहीतर "हा प्रकार मला हवा होता तो नव्हेच" याबद्दल असतो. पावणेदोन तासांच्या आसपास लिहिलेला रिव्ह्यू दिसला की रिफंड आठवा. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात, आणि बरेच जण त्या वेळेकडे डोळा ठेवून निर्णय घेतात. असे रिव्ह्यू एकाच ठिकाणी थांबलेले दिसले, समजा तिसऱ्या लेव्हलच्या दाराशी, तर दोष बहुतेक त्या दारातच असतो. रिफंड मागताना लोक कारणही लिहितात आणि ते तुम्हाला स्टीमवर्क्सच्या (स्टीमची डेव्हलपरसाठीची साइट) अहवालात वाचता येतं. ते जरूर वाचा. रिव्ह्यूत माणूस चार लोकांसमोर बोलत असतो, रिफंडच्या कारणात मात्र तो सरळ सांगून मोकळा होतो.

आणि चाळीस तास खेळून उलटा अंगठा? यावर खिल्ली उडवण्याची पद्धत आहे: "चाळीस तास खेळलास आणि म्हणतोस आवडला नाही?" कृपा करून यात पडू नका. सगळ्यात मोलाचा रिव्ह्यू हाच असतो. या माणसाला गेम आवडलेला होता आणि मध्येच काहीतरी बिघडलं. एखाद्या अपडेटनं त्याची खेळायची पद्धत मोडली असेल, सेव्ह गेली असेल, नाहीतर शेवट फसला असेल. लिहिल्यानंतरही त्याचे तास वाढत असतील तर तो अजून खेळतोच आहे. त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे.

त्याला कुठे दुखतंय ते त्याला ठाऊक असतं, औषध तुम्ही ठरवा

"शत्रू फार ताकदवान आहेत, त्यांची ताकद निम्मी करा" असं पाचजणांनी लिहिलं म्हणून ताकद निम्मी करायला बसू नका. पाचजण एकाच जागी वैतागले, ही गोष्ट खरी धरा. कारण भलतंच असू शकतं. बचाव करायचं बटण ट्युटोरियलमध्ये एकदाच दिसतं आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. किंवा शत्रूच्या हल्ल्याआधीचा इशारा आवाजात आहे, आणि हे पाचही जण आवाज बंद करून खेळतायत. ताकद निम्मी केलीत तर ज्यांना गेम नीट कळला होता त्यांचीही मजा जाईल, आणि बचावाचं बटण सापडायचं राहीलच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एक साधी वही किंवा स्प्रेडशीट ठेवा. प्रत्येक रिव्ह्यूतून फक्त तीन गोष्टी लिहा: कुठे अडला, त्याला काय वाटलं, किती तास झाले होते. विशेषणं आणि शिव्या गाळून टाका. वीसेक नोंदी झाल्या की कुठली तक्रार एकट्याची आहे आणि कुठली घाऊक, हे आपोआप दिसतं. उत्तर द्यायच्या आधी ही वही उघडा, इनबॉक्स नको.

बिघाडाची तक्रार: इथे उत्तर द्यायचंच

तांत्रिक बिघाडाचा रिव्ह्यू आला की उत्तर देणं जवळजवळ नेहमीच फायद्याचं असतं, कारण इथे तुमच्याकडे माहिती असते किंवा मिळवता येते. शिवाय डेव्हलपरचं उत्तर रिव्ह्यूच्या खाली सगळ्यांना दिसतं. घ्यावा की नको या विचारात असलेला माणूस नकारात्मक रिव्ह्यू मुद्दाम उघडून वाचतो, आणि त्याला तिथे हे दिसतं की इथे कोणीतरी जागं आहे.

समजा असा रिव्ह्यू आहे: "दुसऱ्या प्रकरणात पूल ओलांडला की गेम बंद पडतो. तीनदा केलं. सेव्हपण उडाली. भंगार." खेळलेला वेळ ३.४ तास.

नवख्याचं पहिलं उत्तर साधारण असं निघतं: "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आमच्याकडे हा प्रॉब्लेम येत नाही. कृपया ड्रायव्हर अपडेट करा. अडचण सुटल्यास रिव्ह्यू बदलावा ही विनंती." चार वाक्यं आणि चारही नडतात. पहिलं वाक्य छापील आहे. दुसऱ्यात तो खोटं बोलतोय असा सूर लागतो. तिसरं काम त्याच्यावर ढकलतं. चौथ्यात तर कळतं की तुम्हाला त्याच्या सेव्हचं नाही, तुमच्या टक्क्याचं पडलंय.

त्याऐवजी असं: "पुलाजवळचा हा क्रॅश आम्हाला सापडला आहे. पूल ओलांडताना गेम सेव्ह होत असेल तर तो येतो. आजच्या १.०.३ पॅचमध्ये दुरुस्त केला आहे. तुमची सेव्ह गेली याबद्दल माफ करा. सेव्हच्या फोल्डरमध्ये 'बॅकअप' नावाची फाइल असेल, तिचं नाव बदलून मूळ फाइलच्या जागी ठेवलीत तर प्रकरणाच्या सुरुवातीपासून पुढे खेळता येईल. नाही जमलं तर सपोर्टच्या ईमेलवर फाइल पाठवा, आम्ही दुरुस्त करून देतो." यात कारण आलं, आवृत्तीचा क्रमांक आला, सेव्ह परत मिळवायची वाट आली. आणि 'भंगार' या शब्दाची दखलच घेतलेली नाही, हे बघा.

बग सापडला नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि नेमकं काय हवंय ते मागा. "अधिक माहिती द्या" यावर कोणी काही पाठवत नाही. युनिटी या गेम इंजिनवर बनवलेला गेम असेल तर विंडोजवर अ‍ॅपडेटाच्या लोकललो फोल्डरमध्ये तुमच्या कंपनीच्या आणि गेमच्या नावाखाली प्लेअर डॉट लॉग ही गेमच्या घडामोडींची नोंद ठेवणारी फाइल असते. तिचा पूर्ण पत्ता लिहून द्या, म्हणजे तो कॉपी करून चिकटवला की झालं. पुढच्या आवृत्तीत मेनूतच 'लॉगचं फोल्डर उघडा' असं एक बटण टाकलंत तर दोघांचाही त्रास वाचतो.

दुरुस्ती घाईत सगळ्यांवर सोडू नका. स्टीमवर बीटा ब्रँच, म्हणजे चाचणीसाठीची वेगळी आवृत्ती, करता येते. तक्रार करणाऱ्याला तिचं नाव सांगा, त्याच्याकडे चाललं की मगच मुख्य आवृत्तीत आणा. घाईच्या पॅचनं आणखी दोन गोष्टी मोडल्या तर आधीची बिल्ड पुन्हा चालू करण्याची सोय स्टीमवर्क्समध्ये आहे. ती कुठे आहे हे लाँचच्या आधीच बघून ठेवा.

"मला वाटलं होतं वेगळंच"

दुसरा मोठा गट अपेक्षाभंगाचा. "तीन तासांत संपला." "ट्रेलरमध्ये लढाई दिसली, आत नुसते संवाद." "मल्टिप्लेअर नाही." यावर वाद घालायला जीभ शिवशिवते, कारण पेजवर सगळं लिहिलेलंच असतं. पण वर्णनातला पाचवा परिच्छेद वाचून कोणी गेम घेत नाही. लोक ट्रेलरचे पहिले काही सेकंद, चार स्क्रीनशॉट आणि टॅग बघून घेतात. तिथे लढाई दिसली असेल तर तुम्ही लढाईच विकलीत.

म्हणून इथे दुरुस्ती रिव्ह्यूखाली नव्हे, स्टोअर पेजवर करायची. छोट्या वर्णनातच "एका बैठकीत संपणारी गोष्ट" असं लिहा. ट्रेलरची सुरुवात बदला. चुकीचा टॅग काढा. मग उत्तर एका ओळीत भागतं: "बरोबर आहे, गेम सुमारे तीन तासांचा आहे. पेजवर ते ठळक दिसत नव्हतं, आता वरच लिहिलं आहे." यानं त्याचा रिव्ह्यू बदलणार नाही कदाचित, पण पुढचा माणूस डोळे उघडे ठेवून घेईल. आपल्या गेमचा नसलेला खेळाडू पेजवरूनच परत गेला तर त्याचा आनंद माना.

नावड

"कंटाळवाणा." "कला आवडली नाही." "गोष्ट ताणली आहे." इथे सांगण्यासारखं तुमच्याकडे काही नसतं, म्हणून उत्तरही नको. आवडनिवड युक्तिवादानं बदलत नाही, आणि डेव्हलपर स्वतःच्या गेमची गंमत समजावून सांगायला लागला की कीव येते.

मात्र नावडीच्या मागे कधी कधी एक पर्याय लपलेला असतो. डार्केस्ट डंजन हा गेम अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) असताना २०१५ मध्ये त्यात मेलेल्या शत्रूंची प्रेतं वाट अडवून राहायला लागली आणि पात्रांना हृदयविकाराचे झटके यायला लागले. खेळाडूंनी रान उठवलं. तो बनवणाऱ्या रेड हूकनं आपली कल्पना सोडली नाही, पण हे प्रकार बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये दिली. २०१८ च्या सेलेस्ट या गेममध्ये असिस्ट मोड आहे: गेमचा वेग कमी करता येतो, हवं तर पात्राला काही लागतच नाही असं करता येतं. गेम मुळात अवघडच राहिला. तुमच्याकडे असा पर्याय आधीच असेल आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याला तो सापडला नसेल, तर ही माहिती झाली. तेव्हा जरूर सांगा. आणि मग तो पर्याय मेनूत कुठे दडलाय हेही एकदा तपासा.

इथे बोट आवरा

शिवीगाळ, जात-धर्म-लिंगावरून हिणवणं, धमक्या: उत्तर न देता रिव्ह्यू फ्लॅग करा, म्हणजे स्टीमकडे तक्रार नोंदवा. तो काढून टाकण्याचा अधिकार तुम्हाला नाही, तपासणारी माणसं स्टीमची असतात. नुसतं "वाईट गेम" म्हटलंय म्हणून फ्लॅग करत सुटू नका, त्यानं काहीच होत नाही.

एकाएकी ढीगभर रिव्ह्यू आले आणि कारण गेमच्या बाहेरचं असेल, तर तो रिव्ह्यू बॉम्बिंगचा प्रकार. फायरवॉच या गेमवर २०१७ मध्ये असं झालं होतं. गेमच्या निर्मात्यांनी एका प्रसिद्ध यूट्यूबरच्या व्हिडिओविरुद्ध कॉपीराइटची तक्रार केली आणि त्याच्या चाहत्यांनी गेमवर राग काढला. मार्च २०१९ पासून स्टीम अशा लाटा शोधून, माणसांकडून तपासून, त्या काळातले रिव्ह्यू टक्क्यातून वगळतं. अशा वेळी एकेकाला उत्तरं देत बसणं म्हणजे आगीत तेल. घोषणेच्या जागी एकच निवेदन टाका आणि कामाला लागा.

कोर्टकचेरीचा विचार तर मनातही आणू नका. डिजिटल होमिसाइड या छोट्या स्टुडिओनं २०१६ मध्ये एका समीक्षकावर आणि पुढे स्टीमच्या १०० वापरकर्त्यांवर खटले भरले. व्हॉल्व्हनं त्यांचे गेम स्टीमवरून काढले. त्यांचे गेम कोणाला आठवत नाहीत, खटले आठवतात.

मोबाइलवर गेम असेल तर

गूगल प्लेवर उत्तराला ३५० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे तीन-चार वाक्यं. त्यातली दोन आभार मानण्यात घालवू नका. एका रिव्ह्यूला एकच उत्तर देता येतं, पण ते नंतर बदलता येतं. उत्तर दिल्याचा ईमेल खेळाडूला जातो, त्यामुळे बिघाड दुरुस्त झाल्यावर दिलेलं उत्तर जास्त कामाला येतं. प्लेवर दिसणाऱ्या सरासरीत अलीकडच्या ताऱ्यांना जास्त वजन असतं, तेव्हा जुनं पाप कायमचं चिकटत नाही.

अ‍ॅप स्टोअरवर डेव्हलपरला उत्तर देण्याची सोय २०१७ मध्ये, आयओएस १०.३ बरोबर आली. तिथे नवी आवृत्ती काढताना ताऱ्यांची सरासरी शून्यावर आणता येते, लिहिलेले रिव्ह्यू मात्र राहतात. हे हत्यार जपून वापरा, रिकामी पाटी पाहूनही लोक बिचकतात. गेममधून तारे मागण्याची अ‍ॅपलची खिडकी वर्षभरात एका खेळाडूला जास्तीत जास्त तीनदा दिसते. म्हणून ती अवघड लेव्हल जिंकल्यावर दाखवा, हरल्यावर नाही.

उत्तर लिहिताना

लिहा, मग बंद करा, आणि डोकं थंड झाल्यावर पुन्हा वाचा. क्रॅशचं उत्तर त्याच दिवशी द्यावं, बाकी कशालाच घाई नसते. लिहिणाऱ्याला एकेरीत आणू नका, तो तुम्हाला आणो. उपरोध नको, तो भाषांतरात तर आणखीच विषारी होतो. आणि भाषांतर होणारच आहे, कारण रिव्ह्यू चिनी, रशियन, पोर्तुगीज कुठल्याही भाषेत येतात आणि दोन्हीकडे मशीनच मध्ये असतं. छोटी, सरळ वाक्यं त्यातून सुखरूप पार पडतात, म्हणी-वाक्प्रचार वाटेतच गळतात. एकट्यानं गेम बनवलाय तर 'मी' लिहा, उगाच 'आमची टीम' नको. तारखेचं वचन देऊ नका. "पुढच्या शुक्रवारी पॅच येईल" या वाक्यातून शुक्रवार काढून टाका, म्हणजे शनिवारी नवा रिव्ह्यू येणार नाही.

रिव्ह्यू बदलायची विनंती करावी का? माझं मत: कधीच नाही. बक्षिसाच्या बदल्यात मागणं तर नियमातच बसत नाही. गेम सुधारला आणि माणूस परत आला, तर बदलायचं बटण त्याला माहीत असतं.

शब्दांनी किती होतं आणि कामानं किती, याचं ठळक उदाहरण नो मॅन्स स्कायचं आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला, दिलेल्या शब्दांपेक्षा कमी निघाला, आणि रिव्ह्यूंचा भडिमार झाला. तो बनवणाऱ्या हेलो गेम्सचे लोक जवळजवळ गप्प झाले. नोव्हेंबरअखेर फाउंडेशन हा पहिला मोठा अपडेट आला, २०१८ मध्ये नेक्स्ट आला, त्यानंतर येतच राहिले, आणि २०२४ मध्ये एकूण लेबल 'व्हेरी पॉझिटिव्ह' झालं. पण हा कित्ता जसाच्या तसा गिरवू नका. त्यांच्या गेमचा खप प्रचंड होता, गप्प राहून वर्षानुवर्षं काम करणं त्यांना परवडलं. तुमचे रिव्ह्यू शंभरच्या आत आहेत तोवर दोन ओळींचं नेमकं उत्तरही मोठं काम करून जातं.

उत्तर टाकल्यावर

पॅच आला की पॅच नोट्समध्ये तो बग खेळाडूच्या शब्दांत लिहा: "दुसऱ्या प्रकरणात पूल ओलांडताना होणारा क्रॅश". "स्थिरतेत सुधारणा" असं लिहिलंत तर ज्याला तो क्रॅश झाला होता त्याला कळणारच नाही की हे आपल्यासाठी आहे. मग वही उघडा आणि त्या तक्रारीखाली नोंदवलेल्या प्रत्येक रिव्ह्यूकडे परत जा. आधी "तपास चालू आहे" असं उत्तर दिलं असेल तर ते बदलून आवृत्तीचा क्रमांक घाला. वर्षभरापूर्वीचं "लवकरच दुरुस्त करतो" तसंच लटकत राहिलं तर नवा ग्राहक समजतो की गेम वाऱ्यावर सोडलाय, भले तुम्ही तो बग त्याच आठवड्यात मारला असेल. दर मोठ्या अपडेटनंतर जुनी उत्तरं एकदा चाळायची आणि शिळी झालेली बदलायची, एवढं काम कॅलेंडरवर लावून ठेवा.